अरब देशांचा आपसातला व्यापार : शुल्क शून्य, तरी ट्रक सीमेवर का थांबतो?

लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सफरचंद, द्राक्षे, बटाटा चांगला पिकतो. हा माल सौदी अरबच्या रियाध शहरात पाठवायचा तर जुना, सरळ रस्ता असा आहे : मसना नाक्यावरून सीरियात, दमास्कस ओलांडून नसीब नाक्यावरून जॉर्डनमध्ये, तिथून उमरी नाक्यावरून सौदीत. म्हणजे चार देश आणि तीन सीमा. चारही देशांची भाषा अरबी, चारही अरब लीगचे सदस्य, आणि चौघांनी मिळून केलेल्या करारानुसार एकमेकांच्या मालावर २००५ पासून सीमाशुल्क शून्य. तरीसुद्धा बेकाच्या शेतकऱ्याला काळजी असते ती ट्रक उन्हात किती दिवस उभा राहील याची. शुल्क माफ झाले म्हणून सफरचंद काही जास्त दिवस टिकत नाही.

आपल्याकडे घरटी नाही म्हटले तरी मोहल्ल्यात दोन-चार माणसे आखातात असतात. कोणी गोदामात, कोणी क्लिअरिंगच्या ऑफिसात, कोणी ट्रकवर. त्यामुळे हा विषय ऐकायला जड वाटला तरी आपल्यापासून फार लांबचा नाही. अरब देशांनी आपसातला व्यापार सोपा करण्यासाठी काय केले, त्यात सरकारांपेक्षा खासगी कंपन्या, विमावाले, वाहतूकदार आणि चेंबर यांनी कोणता वाटा उचलला, आणि त्यांच्यामुळेच कुठे अडले, हे या लेखात पाहू.

आधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत सीमेवरच्या करालाही जकात म्हणतात आणि आपल्या घरात जकात म्हणजे वेगळीच गोष्ट. घोळ नको म्हणून इथे सीमाशुल्क हा शब्द वापरला आहे. गंमत म्हणजे इंग्रजीतला टॅरिफ हा शब्दसुद्धा अरबीतूनच गेलेला. उर्दूत आपण तारीफ म्हणजे स्तुती असे धरतो, पण मूळ अर्थ ओळख करून देणे, जाहीर करणे. मालावर किती शुल्क आहे ते जाहीर करणारी यादी म्हणजे टॅरिफ.

करार झाले, व्यापार वाढला का?

अरब लीगची स्थापना मार्च १९४५ मध्ये कैरोत झाली. व्यापार सुलभ करण्याचा पहिला करार १९५३ चा. १९६४ मध्ये इजिप्त, इराक, जॉर्डन आणि सीरिया यांनी सामायिक बाजारपेठेचा ठराव केला, तो मुख्यतः कागदावर राहिला. १९८१ मध्ये व्यापार सुलभीकरणाचा आणखी एक करार ट्युनिसमध्ये झाला. त्याच वर्षी आखातातील सहा देशांनी आपली वेगळी सहकार परिषद काढली.

खरे काम सुरू झाले १ जानेवारी १९९८ पासून. त्या दिवशी महाअरब मुक्त व्यापार क्षेत्राचा कार्यक्रम लागू झाला. दरवर्षी शुल्क दहा टक्क्यांनी कमी करत दहा वर्षांत शून्यावर आणायचे, असे ठरले होते. मध्येच वेग वाढवून १ जानेवारी २००५ लाच ते शून्य केले. माल अरब देशातलाच आहे हे दाखवण्यासाठी त्याच्या किमतीत किमान ४० टक्के भर स्थानिक असायला हवी, अशी अट ठेवली. आखाती सहा देशांनी २००३ मध्ये सीमाशुल्क संघ केला आणि बाहेरच्या बहुतेक मालावर सरसकट ५ टक्के दर ठरवला. मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त आणि जॉर्डन यांनी २००४ मध्ये अगादीर करार केला.

एवढे करार होऊनही अरब देशांच्या एकूण व्यापारात आपसातला वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला आहे. युरोपीय संघात हाच वाटा साठ टक्क्यांच्या घरात आहे आणि आग्नेय आशियातल्या देशांत वीस टक्क्यांच्या वर. याचे एक कारण समजण्यासारखे आहे. ज्याच्याकडे तेल आहे तो तेल शेजाऱ्याला का विकेल? शेजाऱ्याकडेही तेच आहे. तेलाचे गिऱ्हाईक चीन, जपान, भारत. पण बेकाची सफरचंदे, जॉर्डनची औषधे, इजिप्तचे कापड, सौदीचे दूध आणि प्लास्टिक यांना शेजारी गिऱ्हाईक आहे, आणि तो माल अडतो तो शुल्कामुळे नाही. कागदपत्रे, विमा, हमी, ट्रक बदलणे, ड्रायव्हरचा व्हिसा अशा गोष्टींमुळे अडतो. या गोष्टी मंत्र्यांच्या सहीने सुटत नाहीत. त्या रोज करणारा माणूस लागतो, आणि तो बहुधा खासगी क्षेत्रातला असतो.

दाखला देणारे आणि माल सोडवणारे

शून्य शुल्क मिळवायचे तर पहिला कागद म्हणजे माल कुठे तयार झाला त्याचा दाखला. अरबीत त्याला शहादतुल मन्शा म्हणतात. उर्दू जाणणाऱ्याला दोन्ही शब्द ओळखीचे, पण अर्थ थोडे सरकलेले. शहादत म्हणजे इथे प्रमाणपत्र आणि मन्शा म्हणजे उगमस्थान. अनेक देशांत हा दाखला व्यापारी चेंबर देते किंवा त्यावर शिक्का मारते. अरब चेंबरांची संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय बैरूतला आहे. म्हणजे सरकारांचा १९५३ चा करार होण्याच्या आधीच व्यापारी एकत्र आले होते. सीमेवर कुठे काय अडते याची तक्रार वर्षानुवर्षे याच चेंबरांनी सरकारांपुढे मांडली.

दुसरा माणूस म्हणजे क्लिअरिंग एजंट. अरबीत मुखल्लिस. आपण मुखलिस म्हणजे निष्कपट माणूस म्हणतो, मूळ तेच. पण कस्टमच्या दारातल्या मुखल्लिसचे काम माल मोकळा करण्याचे. कोणता कागद कोणत्या टेबलावर, कोणता अधिकारी कोणत्या वेळी, हे त्याला पाठ असते. कागद जितके जास्त तितके त्याचे महत्त्व जास्त, हेही खरे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

नारिंगी कार्ड

माझ्या मते या सगळ्या कहाणीत सर्वात कमी गाजलेली आणि सर्वात उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे नारिंगी कार्ड. ट्रक एका देशातून दुसऱ्या देशात गेला आणि तिथे अपघात झाला तर भरपाई कोण देणार? जॉर्डनची विमा कंपनी सौदीत कुठे शोधायची? म्हणून पूर्वी प्रत्येक सीमेवर नवीन विमा काढावा लागे. वेळ जाई, पैसे जात.

एप्रिल १९७५ मध्ये ट्युनिसला अरब देशांनी मोटार विम्याच्या एकत्रित कार्डाचा करार केला. युरोपात हिरव्या कार्डाची पद्धत आधीपासून होती, तीच कल्पना इथे नारिंगी रंगात आली. सहभागी देशातल्या विमा व्यवस्थेचे एक कार्यालय असते. ट्रकमालक आपल्याच देशात, आपल्याच कंपनीकडून किंवा कार्यालयाकडून हे कार्ड घेतो. समजा सीरियाचा ट्रक जॉर्डनमध्ये कोणाला धडकला. जॉर्डनचे कार्यालय तिथल्या कायद्याप्रमाणे जखमीला भरपाई देते आणि नंतर ती रक्कम सीरियाच्या कार्यालयाकडून वसूल करते. जखमी माणसाला परदेशी कंपनीच्या मागे फिरावे लागत नाही आणि ड्रायव्हरला सीमेवर विम्यासाठी थांबावे लागत नाही.

यावर देखरेख ठेवणारा अरब विमा महासंघ १९६४ पासून कैरोत आहे. करार सरकारांचा, पण तो चालतो विमा कंपन्यांच्या एकमेकांवरच्या विश्वासावर आणि हिशेबावर. सरकारे भांडतात तेव्हाही अपघाताचे दावे फेडावेच लागतात. नारिंगी रंगाला अरबीत बुर्तुकाली म्हणतात, कारण गोड संत्रे तिकडे पोर्तुगालच्या नावाने ओळखले जाते. हे आपले वर्गात सांगण्यासारखे.

सील लावलेला ट्रक

विम्यापेक्षा मोठा प्रश्न हमीचा. लेबनॉनचा माल सौदीला जाताना सीरिया आणि जॉर्डनमधून नुसता जातो, तिथे विकला जात नाही. पण वाटेत गुपचूप उतरवून विकला तर? म्हणून मधले देश मालाच्या शुल्काइतकी अनामत मागतात, किंवा ट्रकबरोबर पोलिसांचा ताफा पाठवतात, किंवा सीमेवर माल एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्या देशाच्या ट्रकमध्ये भरायला लावतात. ही शेवटची पद्धत जॉर्डन आणि इराकच्या सीमेवर बराच काळ चालली. ट्रकची पाठ ट्रकला लावायची आणि हमालांनी माल इकडून तिकडे टाकायचा. काचेचा माल, औषधे, भाजी, सगळ्यांची एकच गत.

यावर जगात एक जुना तोडगा आहे, त्याला टीआयआर म्हणतात. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक संघ ही १९४८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेली वाहतूकदारांची संघटना. ती सरकारी नाही. माल जिथून निघतो तिथले कस्टम ट्रक तपासून सील लावते. ट्रकबरोबर कार्नेट नावाचे एक पुस्तक जाते. मधल्या देशात सील शाबूत आहे का एवढेच पाहायचे आणि पुस्तकावर शिक्का मारायचा. माल गहाळ झाला तर शुल्काची हमी त्या त्या देशातली वाहतूकदारांची संघटना घेते, आणि तिच्यामागे जिनिव्हाची साखळी उभी असते. म्हणजे सरकारने ट्रकवाल्यावर विश्वास ठेवावा यासाठी ट्रकवाल्यांच्याच संघटनेने आपले पैसे पणाला लावले. आज चालू असलेले टीआयआर अधिवेशन १९७५ चे आहे.

कुवेत, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया हे विसाव्या शतकातच यात आले होते. पण मध्ये मोठी भोके राहिली. संयुक्त अरब अमिराती २००७ मध्ये आल्या. सौदी अरब, कतर आणि ओमान २०१८ मध्ये, इजिप्त २०२० च्या अखेरीस, इराक २०२३ मध्ये. नकाशा समोर घेतला तर सौदीचे महत्त्व लगेच कळते. त्याच्या अंगणातून गेल्याशिवाय आखाताचा ट्रक जॉर्डनला पोचत नाही. सौदी बाहेर असेपर्यंत बाकीच्यांच्या सदस्यत्वाला अर्धाच अर्थ होता. इराकमध्ये प्रत्यक्ष वापर सुरू व्हायला २०२५ उजाडले. सौदी आणि इराकमधला अरारचा नाका तर कुवेतवरच्या हल्ल्यानंतर १९९० पासून व्यापारासाठी बंद होता, तो नोव्हेंबर २०२० मध्ये उघडला. तीस वर्षे!

पण एक सांगायलाच हवे. कार्नेट मालाला मोकळे करते, ड्रायव्हरला नाही. आखातातले ट्रक ड्रायव्हर बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेश इकडचे. माल सीलबंद पुढे जाऊ शकतो आणि ड्रायव्हर मात्र पुढच्या देशाच्या व्हिसासाठी अडतो. २००९ च्या उन्हाळ्यात अमिराती आणि सौदीच्या सीमेवर घुवैफातला ट्रकांची कित्येक किलोमीटर रांग लागली होती. त्या उन्हात केबिनमध्ये बसलेली माणसे आपल्याच भागातली होती. वाहतूकदारांच्या बैठकांत मालकांचे प्रतिनिधी असतात, ड्रायव्हरांचे क्वचितच.

अम्मानमधून निघालेली कंपनी

खासगी उपक्रमाचे सर्वात ठळक उदाहरण अरामेक्सचे. १९८२ मध्ये फादी घंदूर या जॉर्डनच्या तरुणाने एका अमेरिकी भागीदाराबरोबर ती सुरू केली. तेव्हा अरब शहरांत एकमेकांना पार्सल पाठवणे कठीण होते. प्रत्येक देशाचे कस्टम वेगळे, पत्ते नीट नाहीत, कित्येक ठिकाणी घराला नंबर नाही. अमेरिकेच्या मोठ्या कुरिअर कंपन्यांना इथे स्वतःची माणसे ठेवणे परवडत नव्हते. अरामेक्सने त्यांना सांगितले, तुमचे पार्सल आमच्याकडे द्या, अरब शहरांत आम्ही पोचवतो. अशी दुसऱ्यांसाठी राबत राबत तिने शहरोशहरी कार्यालये उभी केली. प्रत्येक कस्टम नाक्याची रीत ओळखणारी माणसे तयार केली. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंद झालेली ती पहिली अरब कंपनी ठरली. २००२ मध्ये तिथून बाहेर पडली, २००५ मध्ये दुबईच्या बाजारात आली.

यातून छोट्या व्यापाऱ्याला काय मिळाले? अम्मानमधली एखादी बाई हाताने विणलेले कपडे कुवेतला पाठवू शकते, स्वतः कस्टमच्या दारात न जाता. मोठ्या कारखानदाराला करार आणि वकील मिळतात. घरगुती धंद्याला असा मधला माणूस लागतो. अलीकडे मात्र अरामेक्समधला मोठा हिस्सा अबुधाबीच्या सरकारी गुंतवणूक कंपनीकडे गेला आहे. त्यावरून पुढचा मुद्दा येतो.

खासगी म्हणजे नेमके कोण?

दुबईचे जेबेल अली बंदर १९७९ मध्ये सुरू झाले, शेजारचा मुक्त विभाग १९८५ मध्ये. ते चालवणारी डीपी वर्ल्ड सौदीतल्या जेद्दा आणि इजिप्तच्या सोखना बंदरातही टर्मिनल चालवते. बातम्यांत हिला सर्रास खासगी गुंतवणूकदार म्हटले जाते. पण तिची मालकी दुबई सरकारच्या हातात आहे. कारभार कंपनीसारखा, मालक सरकार. सौदीत आयात-निर्यातीचे कागद फसह नावाच्या एका ऑनलाइन खिडकीवर भरतात. ती चालवणारी तबादुल कंपनी सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीची आहे. तबादुल म्हणजे देवाणघेवाण. उर्दूतला तबादला म्हणजे बदली त्याच मुळातला, आणि शिक्षकाला तो शब्द विसरता येत नाही.

तेव्हा अरब देशांत खासगी क्षेत्राचा सहभाग वाढला असे वाचले की मालक कोण हे आधी विचारावे. कंपनी सरकारी असली म्हणजे काम वाईट असे नाही. मालवाहतुकीच्या सोयींच्या जागतिक क्रमवारीत अमिराती पहिल्या दहात आहेत. पण अशा कंपनीला शेजारच्या सरकारशी भांडण झाले की धंदा बाजूला ठेवून घरच्या सरकारचे ऐकावे लागते.

खऱ्या भागीदारीची उदाहरणेही आहेत. इराक युद्धाच्या काळात, २००३-०४ मध्ये, जॉर्डनचे एकमेव बंदर अकाबा इतके तुंबले की जहाज कंपन्या जादा आकार लावू लागल्या. मग सरकारने कंटेनर टर्मिनलचा कारभार डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या कंपनीकडे दिला आणि २००६ मध्ये २५ वर्षांचा संयुक्त करार केला. बंदरात ट्रक कधी यायचा याची वेळ ठरवून देणारी व्यवस्था नाफिथ या जॉर्डनच्या कंपनीने उभी केली. पुढे तिला इराकच्या उम्म कसर बंदरातही काम मिळाले. ट्युनिशियात २००० सालीच सरकारी आणि खासगी भागधारकांनी मिळून व्यापाराच्या कागदपत्रांचे ऑनलाइन जाळे काढले, तेव्हा आपल्याकडे सायबर कॅफेत ईमेल उघडायला रांग लागत होती. इजिप्तने नाफिझा म्हणजे खिडकी या नावाची व्यवस्था आणली. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची माहिती जहाज निघण्याआधीच देणे १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचे केले आणि कागद पाठवण्याचे तंत्र स्लोव्हेनियातल्या एका खासगी कंपनीचे घेतले.

पैशाचा मार्ग वेगळा. अरब व्यापार वित्त कार्यक्रम १९८९ मध्ये अबुधाबीत सुरू झाला. अरब चलन निधीबरोबर अनेक अरब बँका त्यात भागधारक आहेत आणि कर्ज व्यापाऱ्यापर्यंत स्थानिक बँकांमार्फत पोचते. २०२० च्या अखेरीस त्याच चलन निधीने बुना ही देशोदेशींच्या बँकांना जोडणारी पैसे पाठवण्याची व्यवस्था सुरू केली. त्याआधी कैरोहून अम्मानला जाणारे पैसेसुद्धा बहुधा डॉलरमध्ये बदलून न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरून जात.

नाका बंद झाला की

राजकारण आडवे आले की खासगी क्षेत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. ५ जून २०१७ रोजी सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतरशी संबंध तोडले. कतरला जमिनीची एकच सीमा, तीही सौदीशी. दूध सौदीच्या अलमराई कंपनीचे येत असे, ते एका रात्रीत बंद झाले. कतरच्या एका कंपनीने विमानाने गाई आणल्या आणि बलदना नावाने डेअरी वाढवली. जहाज कंपन्यांनी जेबेल अली सोडून ओमानच्या सोहार आणि सलाला बंदरांतून माल फिरवला. साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये समेट झाला. तोवर कतरने शेजाऱ्यावर अवलंबून न राहण्याचा धडा घेतला होता आणि जुने गिऱ्हाईक पूर्वीसारखे परतले नाही.

नसीबचा नाका एप्रिल २०१५ मध्ये सीरियातल्या लढाईमुळे बंद झाला आणि १५ ऑक्टोबर २०१८ ला उघडला. या काळात लेबनॉनच्या निर्यातदारांनी भरलेले ट्रकच जहाजावर चढवून सुएझमार्गे लाल समुद्रातून सौदीला नेले. खर्चातला फरक काही प्रमाणात सरकारने दिला. नाका उघडल्यावर शेतकऱ्यांना हायसे वाटले, तोच एप्रिल २०२१ मध्ये डाळिंबांच्या खोक्यांत लपवलेल्या नशेच्या गोळ्या सौदीत सापडल्या. सौदीने लेबनॉनची फळे-भाजी बंद केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सगळीच आयात. तस्कर मूठभर, शिक्षा सगळ्या खोऱ्याला. सीलबंद ट्रकची सगळी व्यवस्था विश्वासावर चालते आणि विश्वास एका खोक्याने मोडतो.

मोरोक्को आणि अल्जीरियाची जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंदच आहे. दोन मोठे बाजार एकमेकांना लागून आहेत, पण तिथे कोणतीही कंपनी काही करू शकत नाही. पॅलेस्टाइनचा व्यापार १९९४ च्या पॅरिस प्रोटोकॉलनुसार इस्राएलच्या सीमाशुल्क व्यवस्थेत बांधलेला आहे. जॉर्डनकडून येणारा माल पुलावर एका ट्रकमधून दुसऱ्यात भरावा लागतो. तिथे खासगी कार्यक्षमतेचा विषयच येत नाही, कारण नाका दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

उलट २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा रस्त्याने साथ दिली. जर्मनीच्या हापाग लॉइडने जेबेल अली आणि दम्मामला कंटेनर उतरवून ट्रकने जेद्दा आणि जॉर्डनला नेण्याची सेवा जाहीर केली. सीमेवरचे कागद आधीपासून सुधारले होते म्हणूनच हे सुचले.

भिंती खासगीही असतात

वर मुखल्लिसबद्दल लक्षात ठेवा म्हटले होते. कागद कमी झाले की ज्याचे पोट कागदांवर आहे तो खूश होत नाही. पण तो छोटा माणूस. मोठी भिंत एजन्सी कायद्याची आहे. लेबनॉनमध्ये १९६७ पासून आणि अमिरातींत १९८१ पासून असा कायदा होता की एखाद्या ब्रँडचा एकच नोंदणीकृत स्थानिक एजंट असला तर दुसऱ्याने तो माल आणणे अवघड. शेजारच्या अरब देशात तीच वस्तू स्वस्त मिळत असली तरी ती आणता येत नाही. नफा काही घराण्यांचा, भुर्दंड गिऱ्हाइकाचा. दोन्ही देशांनी २०२२ मध्ये हे कायदे सैल करण्यासाठी पावले उचलली. तसेच कारखानदार स्वतःचा माल विकताना मुक्त व्यापार मागतात आणि शेजाऱ्याचा माल आला की संरक्षण मागतात. आपल्याकडच्या बाजार समितीत गेलेल्याला हे नवीन नाही.

जुलै २०२१ मध्ये सौदीने आखाती मालासाठीही नवा नियम केला. मुक्त विभागात बनलेला माल, किंवा जिथे स्थानिक कामगार २५ टक्क्यांहून कमी आणि स्थानिक भर ४० टक्क्यांहून कमी आहे असा माल, सवलतीस पात्र नाही. जेबेल अलीसारख्या विभागांना हा थेट फटका होता.

जागतिक व्यापार संघटनेचा सुलभीकरण करार फेब्रुवारी २०१७ मध्ये लागू झाला. त्यानुसार सदस्य देशाने राष्ट्रीय समिती नेमायची आणि नियम बदलण्याआधी व्यापाऱ्यांचे म्हणणे ऐकायचे. अल्जीरिया, इराक, लेबनॉन, सीरिया अजून त्या संघटनेचे पूर्ण सदस्य नाहीत. जिथे समित्या आहेत तिथेही प्रश्न हाच की खुर्चीवर कोण बसते. चेंबरचे अध्यक्ष बसतात. पार्सलने कपडे पाठवणारी अम्मानची बाई तिथपर्यंत पोचत नाही.

आपल्या बाजूने

न्हावा शेवा बंदरात १९९९ मध्ये सुरू झालेले देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल २००६ पासून डीपी वर्ल्डकडे आहे. भारत टीआयआरमध्ये २०१७ मध्ये आला. मुंबईहून जेबेल अलीला उतरलेला बराच माल पुढे इतर अरब देशांत जातो. अशा धंद्यात असणाऱ्यांचे एक ठिकाणी चुकते. भारतीय माल दुबईत नव्या खोक्यात भरला म्हणून तो अरब होत नाही. ४० टक्क्यांची अट आठवा. मे २०२२ पासूनच्या भारत-अमिराती कराराची सवलतही अमिरातींपुरतीच. समजा मुंबईचे तयार कपडे त्या सवलतीत दुबईत शुल्काविना आले. तेच कपडे पुढे कुवेतला पाठवायचे तर तिथे शुल्काचा हिशेब नव्याने होतो. सवलत न घेता दुबईत ५ टक्के भरले असतील तर ते भरल्याचा कागद दाखवून कुवेतला दुसऱ्यांदा भरावे लागत नाही. दोन देशांची कस्टम खाती तो हिशेब मकासा नावाच्या पद्धतीने आपसात मिटवतात. मुक्त विभागातूनच थेट पुढे पाठवले तर शुल्क भरायचे ते कुवेतच्या नाक्यावर. एजंटला विचारताना माल मुक्त विभागातून जातो की शहराच्या बाजारातून, हे आधी सांगावे. दर त्यावरच ठरतो.